तीन अक्षरं फाईलमध्ये, आणि आम्ही बाहेरच्या बाकावर

महाराष्ट्रातील समस्त मानसोपचारतज्ज्ञांना,



मी साताऱ्याची. इथल्याच एका महाविद्यालयात ३१ वर्षं संख्याशास्त्र शिकवलं आणि चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले. मुलीच्या आजारपणामुळे आपल्यापैकी चौघांच्या दवाखान्यांची पायरी चढले. चौघेही मनाने चांगले होते, हे आधीच सांगून टाकते. एकांनी रात्री साडेअकराला माझा फोन उचलला आणि पाऊण तास बोलत राहिले. ते उपकार मी विसरलेले नाही. तरीही हे पत्र तक्रारीचं आहे. आपल्या व्यवसायाला लागलेल्या काही सवयींची ही तक्रार आहे.

आठ वर्षांपूर्वी पुण्यातल्या वसतिगृहातून मुलीच्या मैत्रिणीचा फोन आला आणि आम्ही मिळेल ती एसटी पकडून निघालो. पहिल्या फाईलवर डिप्रेशन लिहिलं गेलं. दुसऱ्या फाईलवर बायपोलर. तिसऱ्या डॉक्टरांकडे जाण्याआधी मी जुने कागद तारखांप्रमाणे लावत होते (सवय जात नाही), तेव्हा एका कोपऱ्यात तीन इंग्रजी अक्षरं दिसली: बीपीडी, आणि पुढे प्रश्नचिन्ह. बीपी म्हणजे ब्लडप्रेशर, पुढचा डी डॉक्टरांच्या अक्षरात चुकून घुसला असेल, असं मी खरोखर समजले. औषधाच्या दुकानात विचारलं, तिथेही कोणाला सांगता येईना. शेवटी भाच्याने उलगडा केला: बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर. कागदावरची तारीख १४ महिन्यांपूर्वीची होती. १४ महिने आपल्याला शंका होती आणि आम्हाला आपण ताकास तूर लागू दिली नाही.

मी तिसऱ्या डॉक्टरांना सरळ विचारलं, हे आम्हाला कोणी सांगितलं का नाही? ते म्हणाले, "नाव सांगून काय करणार, मॅडम? स्वभावच तसा आहे. याला औषध नाही."

या उत्तराने मला पुढची दोन वर्षं झोप लागू दिली नाही. कारण त्यातला शेवटचा भाग खरा आहे. या आजारावर म्हणून मान्यता मिळालेलं एकही औषध आजही नाही. पण औषध नाही म्हणजे उपचार नाही, हे कुठून आलं? डॉक्टर म्हणजे गोळी, अशी समजूत आम्हा लोकांची असते असं आपण नेहमी म्हणता. इथे ती आपलीच निघाली.

ज्यांच्या घरात हे नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. हे पत्र त्यांनीही वाचावं. भावना इतरांच्या मानाने लवकर पेटते, जास्त भडकते आणि विझायला फार वेळ घेते. जवळचं माणूस सोडून जाईल ही भीती सतत असते. मी बाजारातून दहा मिनिटं उशिरा आले की माझी मुलगी मला देव म्हणायची ती वैरीण म्हणू लागायची, आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा देव. आत एक पोकळी असते, तिचं वर्णन तिला कधीच नीट करता आलं नाही. आणि त्या भरात स्वतःला इजा करून घेणं. बॉर्डरलाइन हा शब्द अॅडॉल्फ स्टर्न यांनी १९३८ मध्ये वापरला, म्हणजे न्यूरोसिस (वास्तवाचं भान शाबूत) आणि सायकोसिस (भान सुटलेलं) यांच्या सीमेवरचे रुग्ण. १९८० मध्ये मानसिक आजारांच्या अमेरिकी यादीत हा आजार रीतसर दाखल झाला, तोवर ती सीमेची कल्पना मागे पडत चालली होती. नाव मात्र तेच चिकटून राहिलं. आमच्या एका नातेवाईकांना वाटलं, बॉर्डरलाइन म्हणजे काठावर पास, फार काळजीचं कारण नाही.

तर मग मला जे येतं ते मी केलं. संशोधनाचे निबंध घेऊन बसले. वैद्यकशास्त्र मला कळत नाही, पण तक्ता वाचता येतो.

पहिला निबंध १९९१ चा. सिएटलच्या मार्शा लिनेहन यांनी वारंवार स्वतःला इजा करून घेणाऱ्या ४४ स्त्रिया घेतल्या. निम्म्यांना त्यांची नवी पद्धत, निम्म्यांना नेहमीचे उपचार, वर्षभर. पद्धतीचं नाव डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी, म्हणजे डीबीटी (तो पहिला शब्द मला अजून एका दमात उच्चारता येत नाही). आठवड्याला एक तास एकटीशी बोलणं, अडीच तास गटात बसून कौशल्यं शिकणं, अडचणीच्या क्षणी थेरपिस्टला फोन करण्याची मुभा, आणि थेरपिस्टांचीही आठवड्याला एक बैठक, कारण हे काम एकट्याच्या खांद्यावर पेलत नाही. वर्षाअखेरीस नव्या पद्धतीतल्या स्त्रियांनी रुग्णालयात सरासरी साडेआठ दिवस काढले होते, दुसऱ्या गटाने जवळजवळ ३९. इजा कमी झाल्या, आणि ज्या झाल्या त्या कमी गंभीर होत्या. उपचार अर्ध्यावर टाकणारी सहांत एखादीच. मात्र त्याच निबंधात आणखी एक ओळ आहे आणि ती मी तांबड्या पेनने अधोरेखित केली: नैराश्य, हताशपणा, आत्महत्येचे विचार यांत दोन्ही गटांत फरक पडला नाही. इजा कमी झाली, दुःख तेवढंच राहिलं. माझ्या घरात पुढे नेमकं तेच दिसलं.

याच लिनेहन यांनी २०११ मध्ये जाहीरपणे सांगितलं की १९६१ साली, १७ वर्षांच्या असताना, त्या स्वतः हार्टफर्डच्या एका मानसिक रुग्णालयात दाखल होत्या. हे मुलीला वाचून दाखवलं तेव्हा ती पहिल्यांदा माझ्या हातातून कागद घेऊन पुढचं स्वतः वाचू लागली.

शंकेखोर माणूस म्हणेल, नेहमीचे उपचार वाईट असतील, म्हणून नवे चांगले दिसले. ही शंका मी माझ्या विद्यार्थ्यांना शिकवलेली आहे. लिनेहन यांनाही ती ठाऊक होती. २००६ च्या अभ्यासात त्यांनी तुलना नामांकित थेरपिस्टांशी केली. १०१ स्त्रिया, एक वर्ष उपचार आणि एक वर्ष पाठपुरावा. आत्महत्येचा प्रयत्न डीबीटी गटात २३ टक्के स्त्रियांनी केला, नामांकितांच्या गटात ४६ टक्के. लंडनमध्ये बेटमन आणि फोनागी यांनी वेगळीच वाट धरली. स्वतःच्या आणि समोरच्याच्या मनात काय चाललं असेल याचा अंदाज घ्यायला शिकवणं हा त्यांच्या मेंटलायझेशनचा गाभा. उपचार सुरू झाल्यापासून आठ वर्षांनी त्यांनी आपल्या चाचणीतली माणसं पुन्हा तपासली आणि २००८ मध्ये निकाल छापला. त्यांच्या पद्धतीतल्या १३ टक्क्यांनाच तेव्हा हे निदान लागू होत होतं, नेहमीच्या उपचारांच्या गटात ८७ टक्क्यांना. आकडा डोळे दिपवणारा आहे, पण माणसं फक्त ४१. एवढ्या नमुन्यावर मी माझ्या वर्गात कोणाला फार मोठं विधान करू दिलं नसतं. आणि त्या १३ टक्क्यांबाहेरचे सगळे सुखात होते असंही नाही. नोकरी आणि नाती बऱ्याच जणांची लंगडीच राहिली होती.

मग सगळ्यांची बेरीज काय? २०२० मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे काढणाऱ्या संस्थेच्या अभ्यासकांनी ७५ चाचण्या आणि ४,५०७ रुग्ण एकत्र मांडले. आजाराची तीव्रता शून्य ते ३६ अशा गुणांत मोजली, तर बोलण्याच्या उपचारांनी नेहमीच्या उपचारांपेक्षा साधारण साडेतीन गुणांनी जास्त उतार पडला. ३६ पैकी साडेतीन! पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी खुर्चीत मागे टेकून बसले. एवढ्यासाठी दर आठवड्याला पुण्याच्या फेऱ्या? नंतर कळलं की तीन गुणांचा फरक रुग्णाला स्वतःला जाणवतो असं हे अभ्यासक मानतात. पुरावा पोलादी नाही. बऱ्याच निष्कर्षांचा दर्जा त्यांनी स्वतःच कमी ठरवला आहे. तरी माझा निवाडा असा, की या उपचारांना चमत्कार म्हणणारे आणि त्यांचा काही उपयोग नाही म्हणणारे, दोघांनीही तक्ता पाहिलेला नाही.

"स्वभावच तसा आहे" याबद्दलही तक्ता आहे. बोस्टनजवळच्या मॅक्लीन रुग्णालयातले २९० रुग्ण मेरी झानारिनी यांनी वर्षानुवर्षं पाहिले. दहा वर्षांत ९३ टक्क्यांची लक्षणं किमान दोन वर्षं उतरलेली होती. नोकरी-शिक्षण आणि एखादं तरी घट्ट नातं हेही धरून बरं झालं म्हणायचं, तर मात्र निम्मेच. स्वभाव बदलत नाही, ही म्हण आपल्या आजीची असू शकते, आपल्या शास्त्राची नाही.

आता ज्या निबंधासाठी खरं तर हे पत्र लिहायला घेतलं, त्याकडे येते. २००९, टोरांटो, शेली मॅकमेन. १८० रुग्ण. एका गटाला पूर्ण डीबीटी. दुसऱ्याला जनरल सायकिअॅट्रिक मॅनेजमेंट, म्हणजे मानसोपचारतज्ज्ञाने नीट रचलेली, आजार ओळखून केलेली काळजी: आठवड्यातून एकदा भेट, आजाराची स्पष्ट ओळख करून देणं, औषध लागलंच तर विचारपूर्वक, आणि उपचार करणाऱ्यांची आपसांत नियमित चर्चा. वर्षानंतर दोन्ही गट सुधारले. आणि दोन गटांत लक्षणीय फरक सापडला नाही.

डीबीटीच्या भक्तांना हा निकाल टोचला असेल. मला मात्र तो वाचून साताऱ्याच्या स्टँडवर पेढे वाटावेसे वाटले. कारण आपल्याकडून आम्ही नेहमी काय ऐकतो? "ती थेरपी आपल्याकडे नाही, मुंबई-बंगळूरला एखाद-दोन ठिकाणी असेल, तुम्हाला परवडणार नाही." टोरांटोचा तक्ता सांगतो की ब्रँडवाली थेरपी नसली तरी चालेल. ठरलेली वेळ, आजार ओळखणारा माणूस आणि सातत्य, एवढ्यावरही बराच पल्ला गाठता येतो. म्हणजे नसलेल्या थेरपीची सबब आता पुरत नाही. पुढे २०२२ मध्ये कॅनडातच २४० रुग्णांवर सहा महिन्यांची डीबीटी वर्षभराच्या डीबीटीशी तोलली गेली, आणि इजा कमी करण्यात सहा महिने कमी पडले नाहीत. आणखी एक सबब गेली.

आपली बाजू मला दिसत नाही असं नाही. ओपीडीच्या बाहेर बाकावर मी माणसं मोजलेली आहेत. एका सकाळी ५८ होती. देशात लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही येत नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणासाठी १२ राज्यं निवडली, त्यात महाराष्ट्र नव्हताच, त्यामुळे आपल्या राज्याची रड आकड्यांत मांडायचीसुद्धा सोय राहिली नाही. ५८ माणसांना एका सकाळी कोणी तासभर देऊ शकत नाही. मग दर आठवड्याला ३० मिनिटं कोण देईल, हे आपण ठरवा: आपल्या हाताखालची मानसतज्ज्ञ, समाजकार्यकर्ता, प्रशिक्षित परिचारिका. पण मुलीला महिन्याने बोलवायचं, चार मिनिटं बघायचं आणि एक गोळी वाढवायची, हा उपचार नाही. एका वेळी माझी मुलगी पाच गोळ्या घेत होती. वर्षात १४ किलो वजन वाढलं आणि त्या वजनाचं दुःख हा सहावा आजार झाला. इंग्लंडमध्ये उपचारांच्या मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या नाइस संस्थेने २००९ मध्येच सांगितलं की या आजारावर, किंवा त्यातल्या एकेका लक्षणावर, म्हणून औषध देऊ नये. तिच्या पाचांपैकी एक गोळी लॅमोट्रिजिनची होती. त्याच औषधाची इंग्लंडमध्ये २७६ रुग्णांवर चाचणी झाली, २०१८ मध्ये निकाल आला, फायदा दिसला नाही. (हे वाचून कोणी मनाने गोळ्या बंद करू नयेत, हात जोडून विनंती. सोबतच्या नैराश्याला औषध लागू शकतं, आणि एकदम सोडलेली गोळी भलतंच करते. माझं भांडण डॉक्टरांशी आहे, ते मला भांडू द्या.)

आणि शब्द. तातडीच्या विभागात मुलीच्या हाताला टाके घालताना एक तरुण डॉक्टर माझ्याकडे न बघता म्हणाला, "परत आलात का?" बधिर करायचं इंजेक्शन त्याने जरा घाईतच दिलं असं मला वाटलं, आईला तसं वाटतं, पुरावा नाही. पण "अटेन्शन सीकिंग" आणि "मॅनिप्युलेटिव्ह" हे दोन शब्द मी तिच्या कागदांवर माझ्या डोळ्यांनी वाचलेत. जिला लक्ष हवं आहे तिला ते हवंच असतं. तहानलेल्याला आपण पाणी मागण्याबद्दल नावं ठेवत नाही. हे शब्द फाईलमध्ये एकदा बसले की पुढचा प्रत्येक डॉक्टर तिला त्यांच्या चष्म्यातून पाहतो. ते लिहू नका. काय घडलं ते लिहा.

आमच्या वाट्याला शेवटी आलं ते असं: पुण्यात एक तरुण मानसतज्ज्ञ भेटली. दर मंगळवारी, तासाला दीड हजार रुपये, पावणेदोन वर्षं, त्यातले निम्मे तास मोबाईलवर. मेडिक्लेमने भरतीचे पैसे दिले होते, मंगळवारचे दिले नाहीत. २०१७ चा कायदा मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा द्यायला सांगतो. आमच्या पॉलिसीत त्याचा अर्थ झोपायची खाट असा निघाला. मुलीने रोजच्या भावनांची वहीत नोंद ठेवली. भर ओसरेपर्यंत पहिली वीस मिनिटं काय करायचं ते ती शिकली. थंड पाणी, जिना, मैत्रिणीचा नंबर. मला काय शिकवलं? "एवढं काय झालंय रडायला" हे वाक्य गिळायला. ६० वर्षांच्या बाईला ते गिळणं जड गेलं, पण घरातले अर्धे वणवे त्या वाक्याने लागत होते. थेरपीआधीच्या वर्षात तीनदा भरती, थेरपीच्या पहिल्या वर्षात एकदा, त्यानंतर नाही. एका मुलीवरून काहीही सिद्ध होत नाही, हे मी ३१ वर्षं फळ्यावर लिहिलंय. त्या काळात तिची नोकरी दोनदा गेली. रविवारची दुपार तिला अजून सोसवत नाही.

तर मागणं. कागदावर जे लिहिता ते तोंडाने सांगा, आणि मराठीत सांगा. हे लाडाचं मागणं नव्हे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं २२ वं कलम रुग्णाला आजाराचं स्वरूप आणि उपचारांची योजना त्याला समजेल अशा भाषेत सांगायला लावतं. नाव कळलं त्या दिवशी माझी मुलगी रडली नाही. म्हणाली, "म्हणजे मी एकटीच अशी नाहीये." निदान चुकेल अशी भीती असेल तर तेही सांगा, शंका आहे एवढं ऐकायची ताकद आमच्यात असते.

दुसरं, आम्हाला सोबत घ्या. दारात उभं करून "घरी काही ताण आहे का" असं मुलीसमोर विचारता तेव्हा आम्ही आरोपी होतो. एक तास द्या, कसं वागावं ते शिकवा, आम्ही शिकू. आणि ती नाकारते तेव्हा तिची खाजगी गोष्ट आम्हाला सांगू नका, हेही मला मान्य आहे.

तिसरं, साहित्य हवं. अल्बर्ट एलिस यांची विचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठी माणसापर्यंत पोचवली, त्याला किती वर्षं झाली! आज त्या पद्धतीचं आरईबीटी हे नाव साताऱ्याच्या वाचनालयातही माहीत असतं. भावनेचा भर सोसण्याची कौशल्यं तशीच मराठीत, ग्रामीण मुलीला वापरता येतील अशा उदाहरणांनी लिहिणारं कोणी आपल्यात नाही का? इंग्रजी साहित्यातली उदाहरणं बबल बाथची आहेत. आमच्याकडे बादली असते.

आणि संकटाची वेळ आपल्या दवाखान्याच्या वेळेत येत नाही. रुग्णाला निदान १४४१६ हा टेली मानस या सरकारी मदतवाहिनीचा नंबर चिठ्ठीवर छापून द्या. २०२२ पासून तो सुरू आहे, चारपैकी एकाही डॉक्टरांनी आम्हाला सांगितला नाही; मला तो बसस्टँडवरच्या फलकावर सापडला.

शेवटचं थोडं मोठं आहे. सातारा, सांगली, कोल्हापूर मिळून एक गट सुरू करा. आठवड्यातून एकदा, अडीच तास, आठ-दहा मुलंमुली, शिकवायला दोन माणसं, मागे सल्ल्याला आपल्यापैकी एक. यंत्रसामग्री लागत नाही, खाटा लागत नाहीत. माझ्या जुन्या महाविद्यालयातला एक वर्ग रविवारी रिकामा असतो, मी प्राचार्यांशी बोलून ठेवलं आहे. फळा आहे, पंखे चालतात. खडू आणि चहाचं मी बघते. आपण फक्त तारीख कळवा.

आपली विश्वासू,
एक आई
सातारा